वाट कुणाच्या बापाची?

मी भांडखोर माणूस नाही. हे वाक्य मी घरात मोठ्याने म्हटले की स्वयंपाकघरात एखादे भांडे पडते. पण तो योगायोग समजावा. पस्तीस वर्षे मी पुण्यात सायकलवरून कचेरीत गेलो. या काळात पुणे सायकलींचे शहर होते ते स्कूटरींचे झाले, मग मोटारींचे झाले आणि शेवटी नुसतेच हॉर्नचे झाले. तरी मी कुणाशी भांडलो नाही. फार तर घंटी जरा जोरात वाजवली असेल.

असा मी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, फ्रान्समधल्या एका जंगलात, एका अनोळखी सद्गृहस्थाशी, मला ओ की ठो येत नसलेल्या भाषेत कडाकडा भांडलो. भांडणाचा विषय होता : वाट कुणाची? ते भांडण तिथे अर्धवट राहिले. मी मराठीत बोलायचो आणि पुतण्या फ्रेंचमध्ये सांगायचा. माझी सात वाक्ये त्याच्या फ्रेंचमध्ये दोनच होत होती. मधली पाच त्याने गिळली, असा मला दाट संशय आहे. ती पाच इथे छापून घ्यावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

पुतण्या दिजोंला नोकरीला आहे. सप्टेंबर सरत आला होता. एका शनिवारी तो म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर सायकल चालवलीत. चला, मोर्व्हांला जाऊ. व्हे-ते-ते करू."

व्हे-ते-ते हे एखाद्या तान्ह्या मुलाने उच्चारलेले नाव वाटते, पण तसे नाही. 'व्हेलो तू-तेरें', म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी सायकल, याची ती आद्याक्षरे. आपण तिला माउंटन बाइक म्हणतो. मी ती सायकल पाहिली आणि माझे मन भरून आले. कॅरियर नाही. स्टँड नाही. मडगार्ड नाही. चेनकव्हर नाही. आमच्याकडे अशी सायकल कुणी आणली तर ती चोरीची आहे असे समजून लोक भाव पाडतात. इथे यातली एकेक वस्तू काढून टाकली की किंमत वाढते. घंटीही नव्हती. वास्तविक पन्नास मीटरवरून ऐकू जाईल अशी घंटी सायकलला असलीच पाहिजे, असे फ्रान्सचा वाहतुकीचा कायदा सांगतो. पुतण्याने ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. कारण विचारले, तर म्हणाला, "वजन!" त्याचे स्वतःचे वजन एक्याऐंशी किलो आहे.

माझ्या वयाकडे पाहून मला मोटारीची मदत असलेली सायकल देण्यात आली. हिची गंमत अशी, की तुम्ही पायडल माराल तरच मोटार हात लावते, आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग झाला की मदत बंद. पंचविशीपर्यंत मदत आणि पुढे तुमचे तुम्ही! मला हा नियम फार संस्कारी वाटला. आमच्या वडिलांनीही तोच पाळला होता.

"पण ही लबाडी नाही का रे?" मी विचारले. तेव्हा पुतण्याने जे सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही शर्यत ज्यांनी सुरू केली, त्या आंरी देग्रांज यांचे साध्या गिअरबद्दलही हेच मत होते. गिअर बदलणे म्हणजे अशक्तांचे लाड! उलट सँत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सारे 'व्हेलोसियो' म्हणत, ते आयुष्यभर लिहून आणि डोंगर चढून सांगत राहिले, की अहो, गिअर हे पाप नाही. व्हेलोसियो १९३० साली वारले आणि शर्यतीत गिअर बदलायच्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली! थोडक्यात, चाकात नवे काही आले की जुन्याने त्याला लबाडी म्हणायचे, ही फ्रान्समधली जुनी परंपरा आहे. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

मोर्व्हां हा बूर्गोन्यमधला डोंगराळ मुलूख. चार जिल्ह्यांच्या कोपऱ्यांत वाटून टाकलेला. चार भावांत वाटलेल्या वाड्यासारखा, म्हणजे कुणाचाच नाही. सर्वांत उंच शिखर ऑ-फोलें, ९०१ मीटर. सह्याद्रीत एवढ्या उंचीला आपण वळूनही पाहात नाही. आजूबाजूचे लोक द्राक्षांवर गब्बर झाले. मोर्व्हांच्या नशिबी मात्र ग्रॅनाइट, पाऊस आणि जंगल. शेजाऱ्यांनी वर म्हणच करून ठेवली, की मोर्व्हांकडून ना वारा चांगला येतो, ना माणसे! या वाईट माणसांनी काय केले? सोळाव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत पॅरिसच्या शेगड्यांना इथले सरपण लागले. ओंडके ओढ्यांत टाकायचे, ओढ्यांतून यॉन नदीत, यॉनमधून सेनमध्ये, की थेट पॅरिस! पाणी कमी पडू नये म्हणून सेतोंला धरण बांधले. इथल्या बायका पॅरिसला जाऊन श्रीमंतांची बाळे अंगावर पाजायच्या. ऊब मोर्व्हांची, दूध मोर्व्हांचे, आणि वर ही म्हण. मोठ्या शहरांना पोसणाऱ्या मुलखांचे असेच होते. यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही.

आता ओंडके गेले, दाया गेल्या. शिल्लक राहिल्या त्या वाटा. घरापासून चक्कीपर्यंत, चक्कीपासून देवळापर्यंत, शेतापासून जंगलापर्यंत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, झुडपांची कुंपणे आणि मधून दोन चाकोऱ्या. कुंपणापलीकडे पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, अंगाने आपल्या सार्वजनिक सभागृहांएवढ्या. या वाटांवरूनच सायकलींचे मार्ग आखले आहेत. त्यांतला एक तर आव्हालों गावातून निघतो आणि जुन्या वाटा जोडत जोडत पार भूमध्य समुद्राला जाऊन मिळतो. लांबी सुमारे १,४०० किलोमीटर! आम्ही त्यातले अकरा केले. उरलेले पुतण्याच्या पिढीसाठी ठेवले आहेत.

मार्गावर खुणा असतात. पायी चालणाऱ्यांच्या लांब वाटांना पांढरा-तांबडा पट्टा. ही पद्धत १९४७ पासूनची. छोट्या वाटांना पिवळा. सायकलींसाठी एक त्रिकोण आणि दोन वर्तुळे. खालचा रंग हिरवा असेल तर सोपी वाट, मग निळी, मग तांबडी आणि शेवटी काळी. काळ्या वाटेवर शहाण्याने जाऊ नये आणि माझ्यासारख्याने तिकडे बघूही नये. पट्ट्यांची फुली दिसली तर समजावे, की वाट चुकली. मी पहिल्या फुलीपाशी थांबून नमस्कार केला. मला तो क्रूस वाटला. पुतण्या म्हणाला, "काका, ही आपण चुकल्याची खूण आहे." मी म्हटले, "मग नमस्कार बरोबरच आहे."

भांडण झाले ते एका उतारावर. पुढे पुतण्या, मागे मी, दोन्ही ब्रेक दाबून, तोंडाने रामरक्षा. वळणावर एक सद्गृहस्थ दोन काठ्या टेकत चालले होते. आम्ही मागून आलो, ते दचकले. एक काठी ओढ्यात गेली. पुतण्याने उतरून काठी काढून दिली, क्षमा मागितली, आणि प्रकरण तिथे मिटायला हरकत नव्हती. पण त्यांनी काठी उगारून तीन मुद्दे मांडले. सुशिक्षित माणसाची ही खोडच असते; रागावतानासुद्धा त्याला मुद्दे सुचतात. पहिला : ही वाट पायांची आहे, चाक इथे उपरे आहे. दुसरा : तुमच्या टायरांनी वाटेचा सत्यानाश होतो. तिसरा : जंगलातली शांतता तुम्ही घालवता. सबब सायकलींना या वाटा बंद करा.

आता माझी गिळलेली पाच वाक्ये.

पहिले. चाक उपरे? महाराज, तुम्ही उभे आहात तिथल्या दोन चाकोऱ्या कुणाच्या पायांनी पडल्या? मोर्व्हांत 'गाल्व्हाशे' नावाचे गाडीवान होते. बैलांच्या जोड्या जुंपून उन्हाळाभर परमुलखात लाकडे ओढायला जायचे आणि थंडी पडली की घरी परतायचे. ही वाट बैलगाडीच्या मापाने रुंद आहे, तुमच्या काठ्यांच्या मापाने नव्हे. इथे चाक आधी आले आणि हवापालट करायला आलेला पांथस्थ खूप नंतर. हक्काची भाषा करायची तर तुम्ही आणि मी, दोघांनीही बैलाला वाट द्यावी.

आणि नवे ते वाईट म्हणाल, तर स्टीव्हन्सन नावाचा स्कॉटिश लेखक १८७८ साली दक्षिणेकडे सेव्हेनच्या डोंगरांतून एक गाढवी घेऊन बारा दिवस हिंडला. तेव्हा लोक त्याला हसले असतील. आज त्याच वाटेला सरकारमान्य पट्टे आहेत, नंबर आहे आणि भाड्याने गाढवे मिळतात. गाढवाला वारसा व्हायला शंभर वर्षे लागतात. सायकलला अजून थोडा वेळ द्या. १९५० च्या सुमारास पॅरिसच्या आसपासची वीसेक पोरे साध्या सायकलींची मोडतोड करून चिखलात घालत होती. १९८४ साली दक्षिण किनाऱ्यावर पहिली 'रॉक दाझ्युर' शर्यत झाली, तिला सात जण आले. सात! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही याहून जास्त येतात. आता त्याच शर्यतीला हजारोंनी जातात.

दुसरे. टायरांनी वाट बिघडते, हे मी मान्य करतो. ओल्या मातीत कुणी मागचे चाक अडवून घसरत गेले तर चर पडतो, आणि पुढल्या पावसात त्याचा ओहोळ होतो. तो करणारा गाढव आहे. (गाढवांची क्षमा मागून. ते असे करत नाहीत.) पण साहेब, याच वाटेवर अर्ध्या किलोमीटरवर काय आहे, ते पाहिलेत का? आम्ही पाहिले. जंगल कापणारे एक आठ चाकी धूड तिथून गेले होते. त्याच्या चाकोऱ्यांत मी उतरलो तर गुडघाभर पाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैशाने या डोंगरांवर डग्लसची झाडे लागली. मूळची अमेरिकेची, सरळसोट, पलटणीसारखी उभी. तयार झाली, की डोंगराचा अख्खा उतार एकदम सफाचट, हजामत केल्यासारखा! ओक आणि बीचची जुनी जंगले वाचवा म्हणून इथले लोक वर्षानुवर्षे ओरडत आहेत. त्या धुडाला काठी उगारायची हिंमत नाही, म्हणून तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या पुणेकरावर उगारता! दोन इंची टायर तुम्हाला दिसतो आणि उघडा पडलेला डोंगर दिसत नाही, याला दृष्टिदोष म्हणतात.

तिसरे. जंगलाची शांतता. आम्ही खाली उतरलो तेव्हा वाटेवर पाटी होती, 'शिकार चालू आहे'. साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत या पाट्या लागतात. नारिंगी जाकिटे घातलेली माणसे, कुत्री आणि बंदुका. आता बंदुकीचा बार शांत आणि फ्रीव्हीलची टिकटिक अशांत, हे गणित मला जमले नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात आल्प्समधल्या ऑत-साव्हुआ जिल्ह्यात सायकलवरून वाटेने जाणारा एक ब्रिटिश माणूस शिकाऱ्याच्या गोळीने मेला. याच्यावर मला विनोद सुचत नाही. फक्त एवढेच म्हणतो, की वाटेवर कुणामुळे कुणाला धोका आहे याची यादी करायची झाली, तर सायकलवाल्याचे नाव त्यात यावे, पण पहिले येऊ नये.

चौथे. आणि हे सर्वांत महत्त्वाचे. तुम्ही 'बंद करा' म्हणता. बंद केलेली वाट जाते कुठे, माहीत आहे? गावाकडच्या अशा वाटेला फ्रान्समध्ये 'शमें र्‍युराल' म्हणतात. आपली पाणंदच म्हणा ना! ती गावाच्या मालकीची आणि लोकांच्या वापराची. पण कायद्यात एक खोच आहे. शेजारच्या जमीनमालकाने ती नांगरात घेतली, कुंपणात ओढली, आणि तीस वर्षे कुणी हूं की चूं केले नाही, तर ती त्याची होऊ शकते. २०२२ साली एक कायदा झाला : गावाच्या कौन्सिलने आपल्या वाटांची मोजदाद करायचे ठरवले, की हे तीस वर्षांचे घड्याळ थांबते. चांगले झाले. पण खरा पुरावा कोणता? लोक तिथून जातात हाच. मराठीत याला फार सुरेख शब्द आहे, वहिवाट. वाहते तोवर वाट. वाहायची थांबली की शेजाऱ्याचे शेत. तेव्हा साहेब, माझा टायर हा तुमच्या वाटेच्या सातबाऱ्यावरचा शिक्का आहे. तो पुसून टाकायला तुम्हीच निघालात.

उलट बाजूने काय चालले आहे तेही पाहा. २०२३ साली आणखी एक कायदा आला. मोठमोठ्या जंगलमालकांनी उंच जाळ्या लावून जनावरे कोंडू नयेत, असा त्याचा हेतू. हेतू चांगलाच. पण मालकांचे मन राखायला त्यातच एक कलम घातले : खाजगी जंगलाच्या कडेला नीट पाटी लावलेली असेल तर आत पाऊल टाकणे हाच गुन्हा, आणि दंड साधारण १३५ युरो. त्याच वर्षी शार्त्रझच्या डोंगरांत, जिथे लोक वर्षानुवर्षे हिंडत होते, तिथे पाट्या लागल्या आणि माणसे निषेधाला जमली. लक्षात घ्या, पाटीवर 'सायकलींना मनाई' एवढेच नव्हते. पायांनाही मनाई होती. आधी घोडा बंद करायचा, मग चाक बंद करायचे, आणि दोन्हीला टाळ्या वाजवणाऱ्या पायांना शेवटी पाटी दाखवायची, हा जगातला सर्वांत जुना डाव आहे. पायवाल्यांनी आणि चाकवाल्यांनी एकमेकांच्या काठ्या ओढ्यात टाकत बसावे, यापरता जमीनमालकाला दुसरा आनंद नाही.

पाचवे. वाटा गेल्या तर सायकलवाले मरणार नाहीत. त्यांच्यासाठी पाळण्यात बसून वर जायचे आणि तिकीट काढून खाली यायचे, अशी मैदाने निघालीच आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला डोंगरी सायकलची शर्यत एलांकूरच्या टेकडीवर झाली. ती २३१ मीटरची टेकडी म्हणजे जुन्या दगडखाणीवर कचरा आणि राडारोडा टाकून केलेला ढीग! पोलीन फेरां-प्रेव्हो या फ्रेंच बाईने तिथे सोन्याचे पदक मिळवले आणि आम्हीही टाळ्या वाजवल्या. पदकासाठी कचऱ्याचा डोंगर चालतो. पण रविवारी दुपारी पोरांना घेऊन कुठे जायचे? तिथे खराच डोंगर लागतो, खरीच गाय लागते, आणि वाट चुकल्यावर फुली दाखवणारे खरेच झाड लागते.

ही माझी पाच वाक्ये. थोडी लांब आहेत खरी. पुतण्याने ती गिळली, त्याचा आता मला फारसा राग नाही.

संध्याकाळी आम्ही एका झीतमध्ये उतरलो. झीत म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली भाड्याची खोली. दार उघडून पाहतो तो शेगडीपाशी कोण? काठीवाले सद्गृहस्थ! बाहेर पाऊस, आत एकच टेबल, टेबलावर एकच सुरई. झीतचा मालक म्हणजे सत्तरीचा शेतकरी, हातांची बोटे ओकच्या मुळांसारखी. पुतण्याने त्याला आमचा तंटा सांगितला आणि निवाडा मागितला. म्हातारा बराच वेळ ब्रेड कापत राहिला. मग म्हणाला, "माझ्या घरामागच्या वाटेवर पंधरा वर्षे कुणी आलं नव्हतं. काटेरी वेली डोक्याइतक्या वाढल्या होत्या. मी एकटा किती कापणार? मग हे सायकलवाले आले. आता वाट मोकळी आहे. बायकोच्या थडग्यावर मला गावाला वळसा न घालता जाता येतं."

टेबलावर कुणी काही बोलले नाही. सद्गृहस्थांनी माझ्या पेल्यात सुरईतले ओतले. मी पीत नाही, पण त्या दिवशी मी ते पेल्यात राहू दिले. नाही म्हणणे म्हणजे पुन्हा भांडण.

जेवण झाल्यावर ते पुतण्याला हळूच म्हणाले, की खरे सांगायचे तर त्यांना चाकाचाही राग नव्हता आणि चराचाही नव्हता. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही. मागून कुणी आले की दचकायला होते, आणि दचकलेला माणूस मुद्दे मांडतो. एवढेच.

म्हणजे अख्ख्या प्रकरणावर उपाय दिजोंच्या एका ड्रॉवरमध्ये पडून होता. वजन साठ-सत्तर ग्रॅम!

दिजोंला परतल्यावर मी स्वतःच्या हाताने दोन्ही सायकलींना घंट्या बसवल्या. पुतण्याने नाक मुरडले, मुरडू दे. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. वाटेत कुणी दिसले, की मी दुरून लक्ष्मी रस्त्याच्या सवयीने 'ट्रिंग ट्रिंग' करायचो, वेग कमी करायचो, आणि पायी चालणारा बाजूला होण्याआधी आपण बाजूला व्हायचो. कारण वाटेवरचा पहिला मान त्याचाच, हे मी मानतो. लोक हसून 'बोंजूर' म्हणायचे. एका वळणावर पुढे कुणीच नसताना मी सवयीने घंटी वाजवली. कुंपणापलीकडच्या सतरा शारोले गाई एकदम मान वर करून उठल्या आणि मुकाट्याने वाटेच्या कडेकडेने माझ्या मागून चालू लागल्या.

पस्तीस वर्षे घंटी वाजवली, पण पुण्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.